'शिक्षेला स्थगिती' म्हणजे सुटका झाली का?

आमच्या गावातल्या एका पोराला गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं सापडल्यावरून आर्म्स ॲक्टखाली शिक्षा झाली, वकिलांनी वरच्या कोर्टात अपील टाकलं, आणि परवा 'शिक्षेला स्थगिती' मिळाली असं कळल्यावर घरच्यांनी पेढे वाटले, पोरगा सुटला म्हणून. ऑर्डरमध्ये 'दोषसिद्धी' असाही शब्द आहे. दोन्ही एकच का?

—

नाही हो, एक नाहीत, आणि बोलताना आपण दोन्हीला शिक्षाच म्हणतो तिथंच घोळ होतो. गुन्हा शाबीत झाला असं कोर्ट ठरवतं ती दोषसिद्धी (मला तर 'गुन्हा शाबीत' हेच जास्त आवडतं, आजीलाही कळतं), मग किती वर्षं आत आणि दंड किती, ती शिक्षा. स्थगिती शिक्षेला मिळाली म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामिनावर बाहेर, एवढंच, शाबीत झालेला गुन्हा तसाच राहतो.

संजय दत्तचं आठवा. टाडा (जुना दहशतवादविरोधी कायदा) कोर्टानं २००६ मध्ये टाडाच्या आरोपांतून सोडलं पण आर्म्स ॲक्टखाली दोषी ठरवलं आणि २००७ मध्ये ६ वर्षं दिली, टाडातलं अपील थेट सुप्रीम कोर्टात जातं, तिथं जामीन मिळाला आणि तो बाहेर होता. पण २००९ ला लखनौमधून लोकसभा लढवायची म्हणून दोषसिद्धीलाच स्थगिती मागितली ती कोर्टानं नाकारली, म्हणजे माणूस बाहेर फिरतोय पण निवडणुकीला उभा राहू शकत नाही! मार्च २०१३ मध्ये अपिलाचा निकाल लागला, दोषसिद्धी कायम, शिक्षा ६ ची ५ वर्षं. त्याच्याखाली जाता येत नव्हतं कारण प्रतिबंधित शस्त्राच्या त्या कलमात तेव्हा किमान शिक्षाच ५ वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ७ झालीय.

—

पण तो फेब्रुवारी २०१६ लाच येरवड्यातून बाहेर आला ना, मग ती माफी का?

—

माफी नाही. आधी आत काढलेलं दीड वर्ष धरलं, वर जेलमधल्या चांगल्या वागणुकीचे दिवस वजा झाले, त्याला 'सूट' म्हणायचं. त्याचा अपिलाशी संबंध नाही. माफी म्हणजे राज्यपाल किंवा राष्ट्रपती देतात ती.

आणि दादा, त्या घरच्यांना नीट समजावून सांगा, तारखा चुकवू नका म्हणावं. 'निर्दोष मुक्तता' हे शब्द ऑर्डरमध्ये येतील तेव्हाच सुटला.