हर्णैजवळ चिऱ्याचं घर: पत्रा ठेवू, कौलं घालू की स्लॅब?

वाऱ्यावरचा
घर जुनं, चिऱ्याचं, समुद्र दिसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं गेली, मग घाईघाईत पाईपचा सांगाडा करून पत्रा घातला. आता मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही आणि जरा वारा सुटला की पत्रा असा वाजतो की आई उठून बसते. मुंबईचा दादा म्हणतो एकदाची स्लॅब टाक नि मोकळा हो. बजेट बेताचं. काय करू?

चिराखाण
भाऊ, वाजतो म्हणजे स्क्रूभोवतीची भोकं मोठी झाली असणार, ते आधी बघ. पत्रा की कौल हे नंतर. वारा छपरावरून जाताना वर ओढ लागते आणि पडवीत शिरलेला वारा खालून ढकलतो, सगळ्यात जास्त ओढ कडेला, कोपऱ्यात नि आढ्याजवळ, म्हणून तिथे स्क्रू दाट पाहिजेत. आमच्या वाडीत तर सांगाडेच पत्र्यासकट उचलले, कारण पाईप चिऱ्यावर टेकवून नुसतं सिमेंट थापलेलं! भिंतीवर चारी बाजूंनी सलग आरसीसी पट्टा (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) घाल, ओततानाच त्यात बोल्ट सोड, सांगाडा त्यावर आवळ. भूकंपातही तोच पट्टा भिंती धरून ठेवतो, कोयना काय लांब नाही. पडवीचं छप्पर वेगळं ठेव, गेलं तर एकटं जाईल.

साईटवाली
स्लॅबची घाई नको. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०० किलो, मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर ते कोण टाकणार? शिवाय खारी हवा. आयएस ४५६ (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला एम ३० ग्रेडची ताकद आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळीवर तेवढा काँक्रीटचा थर लागतो, गावात सळीखाली खडीचा तुकडा सरकवतात नि झालं कव्हर. मग सळी गंजते, फुगते, पोपडे पडतात, गळती लागते आणि लोक स्लॅबवर परत पत्र्याची शेड मारतात 😄
उकाड्याला पत्र्यावर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मार, खाली हवा खेळेल एवढी जागा सोडून सीलिंग कर, आढ्याखाली दोन्ही टोकांना जाळी ठेव पण तिला झडप हवी, वादळात बंद करता आली पाहिजे.

वाऱ्यावरचा
दादाला पाठवतो हे. पट्ट्यासाठी पत्रा पूर्ण उतरवावा लागेल ना?

चिराखाण
हो, म्हणून दिवाळीनंतर काढ. उतरवलास की पाईपचे वेल्डही घासून बघ, गंज तिथूनच धरतो, आणि जुन्या भोकांत परत स्क्रू मारू देऊ नको, फॅब्रिकेटर तेच करायला बघेल.