मदत हवी आहे: थ्रॉटल हात सोडला की आपोआप आत सरकतो

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान बांधतोय. शेजारी यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे इंजिन चालवलं तरी कुणी डोकावत नाही!

इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर, दोन बिंग कार्ब्युरेटर. याला मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलायचा) नॉब लागत नाही. पॅनेलवर थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारा नॉब, आत ढकलला की वेग वाढतो), चोक आणि कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब), बस्स.

या कार्ब्युरेटरची स्प्रिंग मोटरसायकलच्या बरोबर उलटी. केबल तुटली तर इंजिन मंद न होता फुल होतं. हवेत बंद पडण्यापेक्षा ते परवडलं, हे कळतं. पण दोन्ही स्प्रिंगांचा ओढा नॉबवर येतो. काल गरम करायला २००० आरपीएमवर ठेवलं आणि पेट्रोलचा कॉक बघायला हात काढला. नॉब बोटभर आत, आकडा ३००० च्या वर! चाकांना ओंडके होते म्हणून निभावलं. नॉब घट्ट करणारा फ्रिक्शन नट आवळला तर नॉब झटक्याने हलतो, त्यात सोलापूरचं ऊन, घामेजल्या हातातून निसटतो.

दुसरं म्हणजे आरपीएम खाली-वर होतो. केबलचं आऊटर (बाहेरचं आवरण) मी फायरवॉललाच, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटच्या मधल्या भिंतीलाच, संपवलंय, पुढे नुसती आतली तार. लेथवाले काका म्हणाले, "सरळ तार, कमी घर्षण." पटलं होतं.

स्प्रिंग काढून टाकू का? आणि थ्रॉटल डावीकडे की मध्ये?

प्रतिसाद:
दादा, स्प्रिंगला हात लावू नका. आधी ती तार बघा. इंजिन रबरी माउंटवर बसलंय, ते हलतं आणि फायरवॉल हलत नाही, म्हणजे प्रत्येक हिसक्याला इंजिनच थ्रॉटल ओढतंय. आऊटर थेट कार्ब्युरेटरच्या ब्रॅकेटपर्यंत न्या, मध्ये सैल वळण सोडा. मग व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही कार्ब्युरेटर जुळवा. नॉब मात्र व्हर्निअरचा घ्या, फिरवून बारीक सेट होतो आणि सोडला तरी जागचा हलत नाही. दोघं उडवणार असाल तर मध्येच बसवा. चोक जरा लांब आणि वेगळ्या आकाराचा ठेवा, घाईत चुकीचा ओढला जातो.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. आऊटर मोजलं, वळणासकट वीतभर कमी पडतंय. उद्या नवी केबल. काकांना काय सांगू ते मात्र सुचत नाही.