'मायॅझ्मा' म्हणजे नुसती दुर्गंधी का?

धागालेखक: इंग्रजीतील 'मायॅझ्मा' हा शब्द मराठी अनुवादांत 'दुर्गंधी' असा उतरवला की त्याचा गाभाच गळून पडतो, असे माझे ठाम मत आहे. कुजक्या पदार्थांतून, दलदलीतून, गटारांतून उठणारी आणि माणसाला आजारी पाडणारी हवा, असा एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांचा अर्थ होता. इंग्लंडमधील आरोग्यसुधारक एडविन चॅडविक तर उग्र वास म्हणजेच रोग असे मानत. १८५८च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी नासली, की संसदेचे पडदे चुनायुक्त जंतुनाशकात भिजवावे लागले. खासदारांना तेव्हा नुसती किळस आली नव्हती, जिवाची धास्ती वाटत होती. म्हणून जुन्या मजकुरात 'रोगट हवा'च लिहावे.

प्रतिसाद १: असहमत. कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवत डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले आणि हवेनेच रोग होतो ही कल्पना मोडीत निघाली. आज एखादी खोली सिगारेटच्या मायॅझ्माने भरलेली असते, तेव्हा लेखकाला कोंदट, कपड्यांना चिकटून राहणारा वासच सांगायचा असतो. तिथे 'रोगट हवा' वाचून वाचक बुचकळ्यात पडेल.

धागालेखक: सिगारेटपुरते मान्य, पण 'भ्रष्टाचाराचा मायॅझ्मा' या प्रयोगात वास कुठे आहे? शिवाय १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखा रुंद रस्ता काढला गेला. हे सारे 'दुर्गंधी घालवण्यासाठी' केले असे लिहिल्यास त्यामागची वैद्यकीय समजूत वाचकाला कळणारच नाही.

प्रतिसाद २: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डाग, विटाळ असा आहे. ग्रीक शोकांतिकेतील ईडिपस राजाच्या कथेत आधीच्या राजाच्या हत्येच्या पातकामुळेच थीब्ज नगरावर साथ येते. मग आपला 'विटाळ' का नको?

प्रतिसाद १: 'विटाळ' मात्र नकोच; त्यापेक्षा मी धागालेखकांच्या 'रोगट हवे'च्या बाजूने आहे. ज्या शब्दाने इथे माणसांना पाणवठ्यावरून हुसकावले आणि बायकांना महिन्यातून काही दिवस बाजूला बसवले, तो लंडनच्या गटारांसाठी वापरला तर तिथे नसलेला जातिभेद मजकुरात शिरेल. ग्रीक शोकांतिकेपुरते 'पातकाचा संसर्ग' पुरेसे आहे.