डार्करूमसाठी सेफलाइट कुठला घेऊ? लाल झिरो बल्ब चालतो का?

फोटोवेडा_कोथरूड
नमस्कार मंडळी, घरातल्या जास्तीच्या बाथरूमची डार्करूम केलीय, 5 बाय 7 ची. पेपर इलफर्ड मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर असलेला, फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा). सेफलाइट (पेपर खराब न करणारा मंद दिवा) म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला लाल झिरो बल्ब आरशाच्या वरच्या होल्डरला लावलाय, डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) ट्रेपासून साधारण दोन फूट असेल. वारीच्या निगेटिव्ह प्रिंट करतोय आणि वारकऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या, सदरे सगळं मळल्यासारखं येतंय. कॉन्ट्रास्टचा फिल्टर 4 पर्यंत नेला तर सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि चेहरेच जातात. प्रिंटची बॉर्डर मात्र पांढरीशुभ्र आहे, म्हणजे लाइटचा दोष नसावा असं वाटतंय. तरी विचारतो, बाहेरून येणारा तयार सेफलाइट घेऊ का, खूप महाग आहे, की ऑनलाइन 9 वॉटचे लाल एलईडी बल्ब मिळतात ते चालतील?

ग्रेनवाला
बॉर्डर पांढरी आहे यावरून काहीच ठरत नाही रे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. पेपरला काळं पडायला सुरुवात व्हायला एक किमान प्रकाश लागतो, एकूण पडलेला प्रकाश त्याच्या खाली असेल तोवर पेपर पांढराच दिसतो. बॉर्डरवर एनलार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश पडतच नाही, तिथे फक्त सेफलाइट असतो आणि तो त्या मर्यादेच्या आतच राहतो. पण टोपीच्या जागी एनलार्जरने पेपरला आधीच त्या उंबरठ्यापर्यंत आणलेलं असतं, मग तिथे सेफलाइटचा थोडासा प्रकाशही लगेच राखाडी होऊन दिसतो. म्हणून नुसत्या कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून टेस्ट केली तर खराब लाइटही पास होतो.

बरोबर टेस्ट अशी. सेफलाइट बंद, पूर्ण अंधार. निगेटिव्ह न लावता एनलार्जरने पेपरला इतकंच एक्स्पोजर दे की डेव्हलप केल्यावर जेमतेम फिकट राखाडी येईल, ते किती सेकंद हे आधी टेस्ट स्ट्रिपने (पेपरच्या तुकड्यावर वेगवेगळे सेकंद देऊन) काढून ठेव. मग तो पेपर ट्रेच्या जागी ठेवून वर एका ओळीत नाणी ठेव, सेफलाइट लाव आणि पुठ्ठा सरकवत एका भागाला 1 मिनिट, पुढच्याला 2, मग 4, मग 7 असा प्रकाश दे. लाइट परत बंद करून अंधारातच डेव्हलप आणि हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण). ज्या भागात नाण्याचा गोल दिसला तेवढा वेळ तुझा लाइट सेफ नाही. पाकिटातून पेपर काढल्यापासून हायपोत जाईपर्यंत जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट वेळेला गोल दिसला नाही तर निश्चिंत हो.

स्टुडिओवाले_काका (कोल्हापूर)
वर सांगितलंय ते अगदी बरोबर. आमच्या स्टुडिओत लाल बल्बवर वर्षानुवर्षं काम झालं, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू ब्रोमाइड पेपर यायचा, त्याला काही झालं नाही, म्हणून लोकांना वाटतं लाल म्हणजे सेफ. पण तो ठराविक ग्रेडचा पेपर, त्याला निळाच प्रकाश कळायचा. मल्टिग्रेडला हिरवाही कळतो, त्यावरच तर त्याचे फिल्टर चालतात, हिरव्याने सॉफ्ट आणि निळ्याने हार्ड. त्यामुळे बल्बातून थोडा हिरवा झिरपला की तुम्ही 4 नंबर लावलात तरी वरून कोणी गुपचूप सॉफ्ट एक्स्पोजर देत बसल्यासारखं होतं.

आणि झिरो बल्ब नावाला झिरो, फिलामेंटचा असेल तर 15 वॉटच्या आसपास खातो, वरचा रंग म्हणजे लाखेचा पातळ थर, कुठे जाड कुठे विरळ, गरम होऊन तडकतोही. इलफर्ड आपल्या 902 या सेफलाइटच्या फिल्टरला 15 वॉटचा बल्ब, 4 फुटांचं अंतर आणि 4 मिनिटं सांगते, तेही खास बनवलेल्या फिल्टरमधून. तुम्ही दोन फुटांवर आहात, अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट. शक्य असेल तर लाइट छताकडे वळवा, परत येणारा मंद उजेड सगळीकडे सारखा पडतो.

तयार सेफलाइट घ्यायचाच तर लाल नको, हलका तपकिरी किंवा अंबर घ्या, इलफर्डचा 902 किंवा कोडॅकचा ओसी. आपल्या डोळ्याला अंबर जास्त उजळ दिसतो, पेपरला तेवढाच कमी. जुना वापरलेला मिळाला तर टेस्ट केल्याशिवाय भरवसा ठेवू नका, फिल्टरचा रंग उडतो. अजून एक, सेफलाइटखाली प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते म्हणून लवकर उचलू नका, पूर्ण वेळ डेव्हलप करा.

रेड_एलईडी
पैसे वाचवायचे असतील तर एलईडीच घे, पण नीट बघून. रंगीत बल्बांमध्ये काही आतून पांढरेच असतात, वर लाल प्लास्टिक, ते नको. खरा लाल एलईडी 620 ते 660 नॅनोमीटरचा, तिथे मल्टिग्रेड जवळपास आंधळा असतो. दुकानातच पटकन तपासायचं तर जुन्या सीडीच्या चमकत्या बाजूत बल्बचं प्रतिबिंब तिरकं करून बघ, हिरवा किंवा निळा पट्टा दिसला तर परत ठेव. नाही दिसला म्हणजे पास असं नाही, नाण्याची टेस्ट करायचीच. 9 वॉट एवढ्याशा खोलीत फार होतो, अर्धा वॉट सुद्धा पुरेल. मी तर म्हणेन 12 व्होल्टची नुसती लाल पट्टी घे आणि अडॅप्टर बाथरूमच्या बाहेर ठेव, ओल्या हाताने 230 व्होल्टच्या होल्डरखाली काम करणं मला अजिबात पटत नाही. रंग बदलणारी पट्टी नको, चुकून पांढरी लागली तर उघडं पाकीट गेलं. आणि कृपा करून पांढऱ्या बल्बला स्टेशनरीतला लाल जिलेटिन पेपर गुंडाळू नकोस, त्यातून काय काय आरपार जातं ते डोळ्याला कळत नाही.

गिझरचा दिवा पण बघ, बऱ्याच गिझरला हिरवा असतो.

फोटोवेडा_कोथरूड
काका, दादा, मनापासून आभार. टेस्ट केली, 2 मिनिटांच्या पट्टीत नाणं स्पष्ट दिसतंय, म्हणजे बल्बच. गिझरच्या दिव्यावर काळी टेप मारली. लाल पट्टी मागवलीय, आली की परत नाण्याची टेस्ट करून टाकतो इथे. अजून एक, त्याच लाइटमध्ये फिल्म डेव्हलपिंग टाकीच्या रीलवर चढवली तर चालेल ना? अंधारात फार अडकते.

ग्रेनवाला
नाही! एचपी 5, ट्राय-एक्स वगैरे पॅनक्रोमॅटिक फिल्मला लालही दिसतो, पूर्ण अंधार नाहीतर चेंजिंग बॅग (हात आत घालून काम करायची प्रकाश न शिरणारी पिशवी). लाल उजेडात फक्त ऑर्थो (लाल न दिसणारी) फिल्म, इलफर्डची ऑर्थो प्लस वगैरे, आणि तीही गडद लालमध्येच. रील अडकत असेल तर पूर्ण कोरडी कर, फिल्मच्या टोकाचे कोपरे कात्रीने किंचित गोल काप आणि एक वाया गेलेली फिल्म घेऊन दिवसा डोळे मिटून सराव कर.