आईला पाच चॅनल हवेत, पैसे दोनशे अठरांचे का?

कृष्णाकाठचा:

मंडळी, डीटीएचच्या पॅकमधलं कुणाला खरंच काही कळतं का? मी तर हात टेकलेत.

मी पुण्यात, आई कराडला. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी राहते, गुडघे सोडले तर ठणठणीत. संध्याकाळची सोबत म्हणजे टीव्ही. गच्चीवर छत्री, खाली डब्बा आणि रिचार्ज मी इथून मोबाईलवरून मारतो. यांचा महिना तीस दिवसांचा, त्यामुळे तारीख दर वेळी मागं सरकते आणि वर्षातून तीन-चारदा तरी मी विसरतो. विसरलो की बरोब्बर सात पंचविसला फोन. "आरं, टीव्ही मुका झालाय." मुका नसतो, पडद्यावर पाटी आलेली असते, पण तिच्या भाषेत मुकाच. साडेसातला तिची मालिका सुरू होते. त्या पाच मिनिटांत मी पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला असलो तरी गाडी बाजूला घेऊन पैसे भरायचे, असा आमच्यात न बोलता झालेला करार आहे.

गेल्या महिन्यात असाच फोन आला. भरले. ४०७ रुपये १० पैसे. नंतर लक्षात आलं, आधीपेक्षा पासष्ट रुपये जास्त गेलेत. कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं, तर बाई हिंदीत. "सर, आपका पॅक अपग्रेड हुआ है." म्हटलं, कुणी केलं? "सिस्टीम से हुआ है सर." सिस्टीमला मराठीतून शिव्या देऊन उपयोग नाही, म्हणून फोन ठेवला.

मग सुट्टीला कराडला गेलो तेव्हा रिमोट आणि पोराची रफ वही घेऊन बसलो आणि एकेक चॅनल मोजलं. दोनशे अठरा. त्यात तेलुगू सिनेमा, भोजपुरी गाणी, तवे-कढया विकणारे सहा, हिंदी बातम्यांचे मोजायचे सोडून दिले. आई बघते पाच. तीन मालिकांचे, एक मराठी सिनेमांचा आणि सह्याद्री. बातम्या ती लावत नाही. एकदा मी लावल्या होत्या, पडद्यावर आठ चौकटी, आठ माणसं एकदम ओरडतायत. ती म्हणाली, "ह्ये समदे एकाच गल्लीतले हैत का रं?"

तर प्रश्न असा: फक्त हे पाच घेता येतात का? किती पडतील? आणि बदलाबदलीत मधे दोन दिवस टीव्ही मुका झाला तर मला घरात घेणार नाहीत, तेव्हा तेही सांगा.

जुना केबलवाला:

मी नाशकात सव्वीस वर्षं केबल चालवली. आता पोरगा ब्रॉडबँड बघतो, मी हिशोब बघतो. सांगतो सगळं.

आधी इतिहास थोडक्यात. १ एप्रिल २०१३पासून आमच्या नाशकात डब्बा सक्तीचा झाला. मुंबईत त्याच्या आधी, ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर. तोवर मी गल्लीत वायर टाकायचो आणि दीडशे-दोनशे रुपये जे काय ठरेल ते घ्यायचो. मग २०१७ साली ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नवे नियम काढले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१९च्या फेब्रुवारीत ते लागू झाले. नियम कागदावर ग्राहकाच्या बाजूचा होता: हवं तेवढंच चॅनल घ्या, प्रत्येकाची छापील किंमत जाहीर, वर नेटवर्कचे, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोचवायचे, १३० रुपये. पुढं त्या १३०मध्ये दोनशे चॅनल बसवले.

आता मेख कुठंय बघा. लोकांनी निवडायचं होतं. कोण निवडणार? माझ्या अकराशे घरांतून चाळीस लोकांनी फॉर्म भरून दिला, त्यातल्या निम्म्यांनी "मागच्या महिन्यासारखंच" असं लिहिलं. बाकीच्यांचं काय करायचं म्हणून ट्रायनंच सांगितलं की ज्यांनी निवडलं नाही त्यांना तात्पुरता 'बेस्ट फिट प्लॅन' द्या, म्हणजे जे बघत असतील असं वाटतं ते. तुमच्या आईंचा पॅक मला तेव्हाचाच वाटतोय. कंपनीनं ठरवलेला आणि तेव्हापासून तुम्ही हात न लावलेला.

आता हिशोब. ४०७.१०मधून अठरा टक्के जीएसटी काढा, राहतात ३४५. त्यातले १३० नेटवर्कचे धरले तर चॅनलचे २१५. नियम असा आहे की सुटी किंमत १९ रुपयांच्या वर असलेलं चॅनल पॅकमध्ये टाकता येत नाही. म्हणजे तुमच्या पॅकमधलं कुठलंही चॅनल सुटं घेतलं तरी १९च्या वर जाणार नाही. सह्याद्री फुकट. उरले चार. चार एकोणीसे शहात्तर. अधिक १३०, दोनशे सहा. जीएसटी धरून २४३ रुपये. हे जास्तीत जास्त, कमीच होईल. एक मात्र आहे, जुलै २०२४मध्ये ट्रायनं नेटवर्कच्या पैशांवरची वरची मर्यादा काढून टाकली, तेव्हा तुमच्या कंपनीचा आकडा १३०च आहे का ते ॲपमध्ये बघून घ्या.

आणि ग्राहकाला न विचारता चॅनल वाढवायला परवानगी नाही. "सिस्टीम से हुआ" म्हणाले तर लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक मागा. ट्रायला पत्र लिहू नका, ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत. १९१५वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतही घेतात.

टीव्ही_विकला:

एवढा अभ्यास कशाला? छत्री काढा, वायफाय टाका, सगळ्या मालिका मोबाईलवर दिसतात आणि जाहिरातींचा त्रास नाही. आम्ही २०२१ला टीव्हीच विकला. तसंही मालिकांत आता बघण्यासारखं काय राहिलंय? एक कप फुटायला आठवडा लागतो. कप, सासूचा चेहरा, सुनेचा चेहरा, पुन्हा कप.

कृष्णाकाठचा:

@टीव्ही_विकला, वायफाय टाकून बघितलंय दादा. दिवाळीत तिला ॲप लावून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन: "त्यो म्हंतोय ओटीपी टाक. कुठनं आणू?" ओटीपी येतो माझ्या फोनवर आणि मी असतो मीटिंगमध्ये. शिवाय ॲपवर मालिका कधीही दिसते हाच तिला दोष वाटतो. साडेसातला लागली पाहिजे, शेजारच्या काकू तेव्हाच येतात. कप फुटायला आठवडा लागतो हे खरंय, पण त्या दोघींना त्या आठवड्यात कपाविषयी बोलायला मिळतं, त्याचं काय करायचं?

@जुना केबलवाला, तुम्ही तर डोळेच उघडलेत. २४३! म्हणजे इतकी वर्षं मी तवे-कढयांचे पैसे भरत होतो.

जुना केबलवाला:

तव्यांचे नाही. ती चॅनल फुकट असतात, उलट तीच पैसे देतात आपल्याला दाखवा म्हणून. तुम्ही तेलुगू सिनेमाचे भरत होता.

डोंबिवली फास्ट नाही:

(नाव बघून विचारू नका, स्लो लोकलनं जाते.)

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री, लावली. छत्री आणि डब्ब्याचे एकदाच दीड-दोन हजार गेले, पुढं दरमहा शून्य. पण आधीच सांगते, तुमच्या आईंना चालणार नाही. मोठ्या मराठी मालिकांची जी पैसे घेणारी चॅनल आहेत ती त्यावर मिळत नाहीत. सह्याद्री असतं, बाकी खासगी चॅनल लिलावात जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. आमच्याकडं एक सिनेमांचं चॅनल एप्रिलमध्ये गायब झालं, सासूबाईंना वाटलं मीच काढलं. अजून वाटतं.

एक फायदा मात्र मिस्टरांचा झाला. भारतात होणाऱ्या भारताच्या बऱ्याच मॅचेस डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशला दिसतात. शेजाऱ्यांच्या केबलला तेच डीडी स्पोर्ट्स आहे, पण मॅचच्या वेळी तिथं दुसरंच काहीतरी लागतं. मला वाटलं केबलवाल्याची लबाडी. तर नाही, २०१७ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की प्रसारभारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्यांना, मिळणारं मॅचचं प्रक्षेपण त्यांच्या स्वतःच्या माध्यमांपुरतं, खासगी केबलवर नाही. हल्ली मॅच असली की शेजारचे चौघे आमच्या सोफ्यावर आणि चहा मी करते.

आता माझी तक्रार. पॅकचे पैसे भरायचे ते भरायचे आणि वर जाहिराती बघायच्या. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत तासाला बारा मिनिटं जाहिरात लिहिलंय, दहा मालाच्या आणि दोन स्वतःच्या चॅनलच्या. मी एका चॅनलवर घड्याळ लावून मोजलं, कारण मी पोळ्या ब्रेकमध्येच लाटते. अर्ध्या तासात ब्रेक साडेनऊ मिनिटांचा. पाच पोळ्या व्हायच्या तिथं आठ होतात. त्यात "मागील भागात" आणि "पुढील भागात" धरलं तर गोष्ट उरते पंधरा-सोळा मिनिटं. बारा मिनिटांवरून चॅनलवाले दिल्ली हायकोर्टात गेले, एवढं वाचलं होतं. आमच्याकडं पोळ्या उरतात.

जुना केबलवाला:

ताई, मॅचच्या दिवशी मला किती शिव्या पडायच्या ते विचारू नका. सुप्रीम कोर्टाचा निकाल दारात उभं राहून कोण ऐकतो? एका गृहस्थांनी २०१९च्या वर्ल्डकपला माझी वायरच कापली. स्वतःच्याच घराची.

कऱ्हाडकर:

गावचा माणूस बघून लिहितो. एकच सांगतो, पॅक बदलाल तो शनिवारी बदलू नका. आमच्याकडं शनिवारी बदलला आणि रविवारचा महाएपिसोड गेला. मंगळवारपर्यंत घरात बोलाचाली बंद. बाकी तुमच्या मातोश्रींचं आठ चौकटींबद्दलचं मत आमच्या घरीही कळवलंय. सर्वानुमते मंजूर.

कृष्णाकाठचा:

दोन आठवड्यांनी अपडेट देतोय, कारण धागा अर्धवट सोडला की मला चैन पडत नाही.

१९१५वर तक्रार केली. चौथ्या दिवशी कंपनीचा स्वतःहून फोन, या वेळी मराठीत, आणि आवाजात एकदम साखर. पासष्ट रुपये खात्यात परत. "पण सर, या पॅकमध्ये तुम्हाला दोनशे अठरा चॅनल मिळतायत, सुटे घेतले तर तुमचंच नुकसान." म्हटलं, ताई, माझ्या आईला डोळे दोनच आहेत. ती हसली आणि मग नीट बोलली. ॲपमध्ये सुट्या चॅनलचं पान कुठं लपवलंय तेही तिनंच सांगितलं: मेनू, मग 'माझे खाते', मग 'पॅक बदला', तिथं सगळ्यात खाली बारीक अक्षरात. आठ मोठी बटणं नव्या पॅकची आणि तळाशी हे. आपल्याला सापडावं असं वाटत असतं तर तिथं ठेवलं असतं का?

बुधवारी दुपारी बदललं (@कऱ्हाडकर, आभार). बारा मिनिटांत झालं, टीव्ही मुका झाला नाही. मालिका, सिनेमा, सह्याद्री सगळं जागेवर. मी खूश. संध्याकाळी आईला फोन केला, दिसतंय ना सगळं?

"दिसतंय. पर वाघाचं कुठं गेलं?"

कसलं वाघाचं? तर जेवून आडवं झालं की दुपारी दोन ते चार ती जंगलाचं एक चॅनल लावते. आवाज बंद करून. इतकी वर्षं बघतेय आणि मला पत्ता नाही. मी वही घेऊन बसलो होतो तेव्हा सकाळ होती, म्हणून पाचच निघाले. म्हटलं, आवाज बंद करून काय बघतेस? "हिंदीत बोलत्यात, त्ये कळत न्हाई. वाघ कळतोय की."

गुरुवारी सकाळी वाघ परत घेतला. वाघासकट जीएसटी धरून २४९ रुपये.

डोंबिवली फास्ट नाही:

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, वाघाच्या चॅनलला ब्रेक किती मिनिटांचा असतो?

कृष्णाकाठचा:

विचारलं. म्हणाली, जाहिरात लागली की तिला झोप लागते, त्यामुळं माहीत नाही.