शब्दचर्चा : 'सॅलरी कॅप' आणि 'डेड मनी' मराठीत कसं सांगाल?

डेन्व्हरवासी :
2024च्या मोसमात सासरे पुण्याहून आमच्याकडे आले होते. टीव्हीवर पिट्सबर्गची मॅच चालू होती, अमेरिकन फुटबॉलची. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, रसेल विल्सन; त्याला आमच्या डेन्व्हरच्या संघाने करार संपायच्या आधीच काढला होता. मी सहज बोलून गेलो की याला पिट्सबर्ग वर्षाला जेमतेम 12 लाख डॉलर देतंय आणि वरचे पावणेचार कोटी आमचं डेन्व्हर देतंय. सासरे जन्मभर बँकेत. कप बशीत ठेवून म्हणाले, "माणूस त्यांच्याकडे आणि पगार तुमच्याकडे? डेप्युटेशनवर पाठवलाय की काय?"

मग समजावायला बसलो आणि तीन शब्दांपाशी अडलो : सॅलरी कॅप, कॅप हिट (एका खेळाडूपोटी त्या वर्षी कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम), डेड मनी. 'वेतनमर्यादा' म्हटलं तर त्यांना वाटलं, एका माणसाला अमुकपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही. तसं नाहीये. मर्यादा अख्ख्या संघाच्या बेरजेला आहे. 1994 साली सुरू झाली तेव्हा संघामागे 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2024मध्ये 25 कोटी 54 लाख. त्यात कुणाला किती द्यायचे ते संघाने बघावं. याला मराठीत सुटसुटीत काय म्हणता येईल?

वांद्रेफास्ट :
'पर्स' म्हणा की. आयपीएलमुळे घरोघरी माहीत झालाय. 2025च्या लिलावाला प्रत्येक संघाची पर्स 120 कोटींची होती, हे आमच्या सोसायटीचा वॉचमनही सांगेल.
फक्त 'कॅप' शब्द तसाच ठेवू नका. आपल्याकडे 'अनकॅप्ड' म्हणजे देशाकडून न खेळलेला पोरगा. तिकडे 2010 हे 'अनकॅप्ड' वर्ष होतं, म्हणजे त्या वर्षी मर्यादाच नव्हती. आणि कॅपचं भाषांतर टोपी केलंत, तर 'टोपी घातली' म्हणजे काय ते सांगायला नको.

मुनीमजी :
टोपीवर हसलो, पण 'पर्स' चालणार नाही. पर्समधून पैसे गेले की गेले. इथे पैसे एका वर्षी जातात आणि हिशोबात दुसऱ्याच वर्षी पडतात. सगळी गंमत त्या फरकात आहे.
माझं मत 'सीलिंग'ला. 1961चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हापासून हा शब्द गावोगावी रुळलाय. 'त्यांची जमीन सीलिंगमध्ये गेली' हे वाक्य मी लहानपणी इतकं ऐकलंय की तो इंग्रजी शब्द आहे हे फार उशिरा कळलं. 'पगाराचं सीलिंग' म्हटलं की बेरजेचा अर्थही आपोआप येतो.

गेवराईचा गडी :
सीलिंगबद्दल मला म्हणायचं नाही. पण मुनीमजी म्हणतात तो फरक कसा पडतो? एकाच वर्षी दिलेले पैसे दुसऱ्या वर्षी कसे पडतात?

डेन्व्हरवासी :
दादा, सही करताना खेळाडूला बोनस मिळतो, रोख. समजा पाच वर्षांचा करार आणि 5 कोटी बोनस. पैसे खेळाडूच्या खिशात लगेच गेले, पण सीलिंगच्या हिशोबात दरवर्षी 1 कोटीच धरायचे. दोन वर्षांनी त्याला काढला तर उरलेले 3 कोटी एकदम त्याच वर्षी अंगावर येतात. 1 जूननंतरचं काढणं दाखवलं तर दोन वर्षांत विभागता येतात. हे झालं 'डेड मनी'. 'मृत रक्कम' लिहायला माझा हात धजत नाही, आणि 'बुडीत' म्हणावं तर कर्ज वाटतं.

गेवराईचा गडी :
अहो, ही तर उचल!
आमचे चुलते मुकादम होते. दसऱ्याच्या आधीच कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, उचल द्यायची. जोडपं ऊस तोडायला निघालं की रोजची तोड त्या उचलीतून वळती होत जाते. मोसम संपला आणि उचल फिटली नाही, तर 'बाकी अंगावर राहिली' म्हणतात. तुमचा बोनस म्हणजे उचल, आणि डेड मनी म्हणजे अंगावरची बाकी.
एकच उलटं आहे. आमच्याकडे बाकी तोडणाऱ्याच्या अंगावर राहते आणि तो पुढच्या वर्षी त्याच मुकादमाला बांधला जातो. तुमच्याकडे गडी पैसे घेऊन मोकळा, आणि बाकी मुकादमाच्या अंगावर. असा मुकादम आम्हाला मिळाला नाही.

मुनीमजी :
'अंगावरची बाकी' अगदी चपखल. एक दुरुस्ती मात्र : विल्सनच्या बाबतीत डेन्व्हरच्या अंगावर दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर आले, ते सगळे उचलीचे नव्हेत. त्यात 3 कोटी 90 लाख हा 2024चा हमीचा पगार होता. सासरेबुवांना जो प्रश्न पडला तो या हमीचा. पिट्सबर्गने जेवढे दिले तेवढेच डेन्व्हरचे वाचले.

वांद्रेफास्ट :
मग काढण्याऐवजी ट्रेड करायचा ना. बाकीही समोरच्याच्या गळ्यात.

डेन्व्हरवासी :
तिथेच सगळे फसतात. ट्रेडमध्ये पुढचा पगार नव्या संघाकडे जातो, दिलेल्या उचलीची बाकी जुन्याकडेच राहते. 2022मध्ये अटलांटाने मॅट रायन इंडियानापोलिसला दिला आणि स्वतःच्या वहीत 4 कोटी 5 लाख ओढून घेतले. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी 2022च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीवार निवडीत, अगदी शेवटचा, 262वा. पगार वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत, म्हणून भोवती महागडे खेळाडू ठेवता आले. 2025मध्ये त्याला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी द्यायची वेळ आली. त्याआधी मार्चमध्येच त्या महागड्यांपैकी डीबो सॅम्युअल ट्रेडमध्ये वॉशिंग्टनला गेला, पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात, आणि त्याची तीन कोटींवर बाकी मागे राहिली. त्यामुळे ट्रेडला 'अदलाबदल' म्हणताना मला जरा चाचरायला होतं.

मुनीमजी :
साटंलोटं म्हणा. मुलगी गेली तरी हुंड्याचे हप्ते चालूच.

गेवराईचा गडी :
बरं, बाकी पुढे ढकलायची सोय असेलच की.

डेन्व्हरवासी :
आहे तर. करार एक वर्षाचा, पुढे चार वर्षं नुसती कागदावर जोडायची, म्हणजे उचल पाच वर्षांवर पसरते. 'व्हॉइड इयर्स' म्हणतात त्यांना. टॉम ब्रेडी 2023च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला, तरी त्या वर्षीच्या टँपा बेच्या वहीत त्याच्या नावावर साडेतीन कोटी होते.

मुनीमजी :
पाळण्यातल्या पोराच्या नावावर केलेली जमीन! सीलिंग आलं की ही पळवाट आलीच. 'नावापुरती वर्षं' म्हणा. कॅप हिटसाठी आमच्या वहीतलं 'नावे पडणं' पुरेसं आहे : यंदा ब्रेडीचे साडेतीन कोटी नावे पडले.

डेन्व्हरवासी :
सासऱ्यांना काल फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'नावे पडणं' लगेच पटलं. 'उचल' पटली नाही. म्हणाले, उचल देणारा आधी माणसाची चौकशी करतो.