ल्युपसच्या गोळ्या: एक दिवस एक, एक दिवस दोन. लक्षात कसं ठेवता?

निशिगंध:
ल्युपसचं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) निदान होऊन दोन वर्षं झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिग्रॅ चालू आहे, एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन. वजन ५८ किलो. रोजचा घोळ एकच: काल एक घेतली होती की दोन? मोबाइलचा गजर वाजतो, मी बंद करते आणि पुन्हा कामात. आठवड्यातून दोनेकदा तरी राहतेच. डॉक्टरांनी विचारलं की "हो हो, नियमित घेते" म्हणून मोकळी होते. खरं सांगायचं तर सहा महिन्यांत ना सांधे दुखले ना चट्टे उठले. मग एवढ्या गोळ्या हव्यातच कशाला, असंही वाटतं. तुम्ही काय करता?

जुना_भिडू:
सम-विषम तारखा लावू नका, आधीच सांगतो. मी लावल्या होत्या. ३१ पण विषम आणि १ पण विषम, महिनाअखेरीला हमखास गोंधळ. त्यापेक्षा वार धरा. माझ्या सोम-बुध-शुक्र दोन, बाकी दिवशी एक. आठवड्याच्या १० गोळ्या. सात खणांचा डबा एकदाच भरायचा. खण रिकामा म्हणजे घेतली. आठवायचा प्रश्नच नाही.
तुमचं गणितही करून पाहिलं. या औषधाची मर्यादा साधारण दर किलोमागे दिवसाला ५ मिग्रॅ, म्हणजे तुम्हाला २९०. तुमच्या पद्धतीने सरासरी ३०० पडते, आठवड्याला १० घेतल्या तर २८६. पण बदल डॉक्टरांना विचारूनच.

सांजसावली:
मला खटकलं ते "हो हो, नियमित घेते". मीही हेच म्हणायचे. लघवीतलं प्रोटीन वाढलं, डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाही, स्टेरॉइड वाढलं. चेहरा सुजला, झोप उडाली, साखर चढली. मग त्यांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची रक्तातली पातळी मोजायला लावली (हो, मोजता येते). जवळजवळ काहीच नव्हतं! लाजेने मान खाली गेली, पण ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, आधी कळलं असतं तर स्टेरॉइड वाढवलं नसतं. आता चुकलेल्या दिवसावर वहीत फुली मारते आणि वही त्यांच्यापुढे ठेवते.
राहिलं "बरं वाटतंय" हे. १९९१ साली कॅनडात आजार शांत असलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला होता. ज्यांना खऱ्याऐवजी नकली गोळी दिली, त्यांच्यात आजार उसळण्याचा धोका अडीच पट निघाला. हे औषध अंगातून उतरतंही सावकाश, निम्मं व्हायलाच ४० दिवसांच्या आसपास. म्हणून सोडल्यावर पहिले काही आठवडे काहीच होत नाही आणि आपण खूश, की बघा, गरजच नव्हती!

काउंटरपलीकडून:
औषधांच्या दुकानात काम करतो. सगळ्या गोळ्यांना एकच नियम लावू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) मनाने एकदम थांबवू नये, शरीराची स्वतःचं स्टेरॉइड बनवायची सवय मोडलेली असते आणि रक्तदाब कोसळू शकतो. कुणाला मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्याने जिवावर बेतलं आहे, त्यामुळे पाकिटावर वार ठसठशीत लिहून घ्या. मायकोफेनोलेट चालू असताना मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ते गर्भाला घातक आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र सहसा गरोदरपणातही चालू ठेवतात.

निशिगंध:
आणि डोळे? हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने डोळ्यांचा पडदा बिघडतो म्हणून मैत्रिणीने घाबरवून ठेवलंय.

जुना_भिडू:
डोस मर्यादेत असेल तर पहिल्या पाच वर्षांत धोका अगदी कमी. सुरुवातीच्या वर्षात एकदा तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीपासूनच. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका; दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी म्हणून सांगा.

निशिगंध:
आत्ता बसून पाकिटं मोजली. महिन्याच्या ४५ पैकी १७ उरल्यात. मी दहा-बारा धरून चालले होते. गुरुवारी भेट आहे, आकडा सांगते आणि १० गोळ्यांचंही विचारते. डबा उद्या आणते.